रुंद, वाकडी आणि अजून कच्ची

चहा घ्या आधी. आणि एक कबूल करा. हसायचं असेल तर बशीत बघून हसायचं, माझ्या तोंडाकडे बघून नाही. कारण मी जो गोंधळ घातला तो कळल्यापासून आमच्या डब्लिनच्या मराठी मंडळात निम्म्या लोकांना माझ्याशी सरळ चेहऱ्यानं बोलता येत नाही. डब्लिन म्हणजे परीकथेतलं आयर्लंडचं नव्हे हो. आमचं ओहायोतलं. सपाट, शहाणं, आणि जानेवारीत नळापासून नाकापर्यंत सगळं गोठलेलं.

तर माझे सासरे, बाबा. साताऱ्याच्या शाळेत सगळा जन्म गणित शिकवण्यात गेला. सासूबाई गेल्यावर ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे आले, सहा महिन्यांसाठी. पूर्वी दोघं यायची तेव्हा कामाची वाटणी पक्की होती. सासूबाई बोलायच्या आणि बाबा 'हो' म्हणायचे. आता बोलणारं माणूसच गेलं, मग 'हो' तरी कुणाला म्हणणार? बाबा गप्प झाले. सकाळी चहा, मग खिडकीतून खारी बघणं, जेवण, पुन्हा खारी.

घरात तसे आम्ही दोघं असतो. नितीन, म्हणजे माझा नवरा, वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. मी खालच्या खोलीत मीटिंगमध्ये. दोघांच्या कानांवर हेडफोन. बाबांच्या बाजूनं बघाल तर सगळं घरच म्यूटवर होतं.

मला आतून सारखी धाकधूक. यांना इथं करमत नाहीये. एकदा गेले की हे परत यायचे नाहीत. आणि ते मला नको होतं. खरं सांगू का? माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. 'बाबा' अशी हाक मारायला मला जगात हे एकच माणूस उरलंय. पण हे असं तोंडावर कधी बोलतो का आपण? आपण म्हणतो, 'बाबा, औषध घेतलं का?'

नोव्हेंबरात वादळ झालं आणि मागच्या अंगणातला मेपल आडवा झाला. केवढा मोठा. नितीन लगेच झाड उचलून नेणाऱ्यांचे नंबर शोधायला लागला. बाबा खिडकीत उभे होते. ते आपणहून म्हणाले, "एवढं लाकूड टाकून द्यायचं?"

आपणहून बोलले, हे महत्त्वाचं. मी हातातलं काम सोडून ऐकत राहिले.

"अण्णा असता तर त्यानं वखारीत नेऊन फळ्या पाडल्या असत्या," बाबा म्हणाले.

अण्णा म्हणजे बाबांचा शाळेपासूनचा मित्र. त्यांच्या घरची साताऱ्यात लाकडाची वखार होती. वखार आता नाही, पण अण्णांचा फोन मात्र रोज असतो. अण्णांना ऐकू कमी येतं, म्हणून बाबा फोनवर वर्गात बोलावं तसं बोलतात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं.

वखार नसली तरी आमच्या शेजारी ग्लेन होता. ग्लेन सत्तरीचा, आग विझवण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला. बायको नाही, दोन मुली आहेत, त्या जवळपासच राहतात. त्याच्याकडे ट्रेलरवर बसवलेली करवत आहे. ओंडका आडवा ठेवायचा आणि इंजिन चालू करून पावाच्या कापासारख्या फळ्या पाडायच्या. झाड पडलेलं बघून तो स्वतःच आला, आणि बाबांना म्हणाला की आता घाई नको, कडक थंडी पडू दे. थंडीत कापला की मेपल पांढराशुभ्र राहतो, उबेत कापून ठेवला की डाग पडतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "येस."

कडक थंडी पडली. शून्याच्या खाली, म्हणजे नुसती खाली नाही, तळघरात. आणि बाबा दोन स्वेटर, वर नितीनचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट घालून दिवसभर त्या करवतीपाशी. डोक्यावर काही नाही. संध्याकाळी घरात आले ते भुवयांमध्ये भुसा, नाक जांभळं, आणि चेहऱ्यावर चक्क हसू. दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. तो असा वाढला की मला रात्रभर झोप नाही.

मग मी तडकले. माझा स्वभाव आहे तो, काय करू?

"बाबा, बास. सगळी लाकडं ग्लेनला देऊन टाका. पुन्हा त्या करवतीपाशी दिसलात तर माझ्याशी गाठ आहे."

"हो," बाबा म्हणाले.

लाकडं ग्लेनच्या आवारात गेली, खोकला बरा झाला, माझ्या लेखी विषय संपला. बाबा फक्त रोज सकाळी ग्लेनकडे कॉफी प्यायला जायला लागले. आता बघा हं, बाबांना कॉफी आवडत नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कॉफी प्यायलेली मी बघितलेली नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मी आपली खूश की यांना मित्र मिळाला.

ते निघाले की मी मीटिंगमधूनच ओरडायची, "बाबा, टोपी!" मग ते मागे वळायचे, खुंटीवरची कानटोपी घालायचे आणि जायचे. रोजचं झालं होतं. एकदा मी म्यूट करायला विसरले. तेव्हापासून आमच्या टीममध्ये कुणी मीटिंगमधून बाहेर पडायला लागलं की सगळे एकमेकांना 'टोपी' म्हणतात. त्यांना वाटतं, मराठीत बाय म्हणतात तसं ते आहे.

आणि मग आली संक्रांतीच्या आधीची ती सकाळ.

मी जिन्यात होते, धुवायच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. अण्णांचा फोन चालू. फोन बाबांच्या कानाला, त्यामुळे अण्णा काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. बाबा मात्र शेवटच्या बाकापर्यंत.

"दिसायला छान आहे रे. गोरीपान."

मी थांबले. थांबणारच ना? सुनेशिवाय या घरात दुसरी बाई कोण आहे? मी काही गोरीपान नाही. पण म्हटलं, ओहायोच्या थंडीनं उजळले असेन.

"पण रुंद फार," बाबा म्हणाले. "हो हो, वाटलं होतं त्याच्यापेक्षा जास्तच. आम्हा दोघांना हलत नाही."

दोघांना म्हणजे त्यांना आणि नितीनला. हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

"आणि वाकडी. आणली तेव्हा सरळ वाटली होती. नंतर हळूहळू लक्षात आलं. एका बाजूनं ओढ घेते."

एका बाजूनं. सांगलीच्या. माझ्या माहेरच्या. दुसरी कुठली बाजू आहे मला?

"नाही, अजून कच्ची आहे. जरा ऊब दाखवली की तडकते. म्हणून म्हटलं, लांबच बरी... हो, तेच केलंय. वर दगड ठेवलेत. असल्यांना दाबून ठेवल्याशिवाय सरळ होत नाहीत त्या."

माझ्या हातातलं गाठोडं घसरायला लागलं होतं.

"नितीनला? छे, त्याला काय कळतंय त्यातलं." मग अण्णा काहीतरी विचारत असावेत, कारण बाबा जरा थांबले, आणि शांतपणे म्हणाले, "नाहीच सुधारली तर काढून टाकायची. दुसरी बघू. ग्लेनकडे दोन आहेत ना. सरळसोट, चांगल्या वाळलेल्या."

ग्लेनकडे दोन! ग्लेनच्या दोन मुली मला ठाऊक होत्या. एक योगा शिकवते, दुसरी मॅरेथॉन पळते. सरळसोट आणि वाळलेल्या, याहून अचूक वर्णन कुणी केलं नसतं.

हं, हसा. तुम्हाला केव्हाच कळलंय, ते दिसतंय मला. पण तुम्ही इथं खुर्चीत बसून ऐकताय. मी जिन्यात होते, आणि लाकडाचा विषय माझ्या डोक्यातून कधीच संपला होता. माझ्यापासून चोरून लाकूडकाम चाललंय हे मला कुठून माहीत असणार? आणि चोरून चाललं होतं म्हणूनच तर बाबा फोनवर त्या वस्तूचं नाव घेत नव्हते. 'ती' म्हणत होते. आता मराठीत 'ती' कोण कोण असते? खुर्ची असते, म्हैस असते, भाजी असते. मी हे काहीही धरू शकले असते. मी स्वतःला धरलं.

लगेच सांगलीला फोन लावला.

"आई, बाबा अण्णांना म्हणाले की मी रुंद आहे."

"हं," आई म्हणाली. "तेवढं खरं आहे तुझं."

"आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"तुझ्याच गं. पुढं काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. दगडांपाशी आल्यावर आईचा आवाज बदलला. "दगड? दगड म्हणजे काय?"

"म्हणजे धाकात ठेवायचं."

"देवमाणूस समजत होते मी त्यांना." "तू एक कर. एका शब्दानं उलट बोलू नकोस. सरळ वाग. इतकी सरळ वाग की त्यांची त्यांना लाज वाटली पाहिजे."

मी सरळ वागायला लागले. माझ्यासारखी बाई सरळ वागायला लागली की घरात काय होतं, माहितीये? बाबांनी ताटात लोणचं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, त्यांना ब्लडप्रेशर आहे, मी काही बोलले नाही. हसले. बाबांनी दुपारची गोळी संध्याकाळी घेतली, मी म्हटलं, "बरं बाबा." नितीननं ओला टॉवेल पलंगावर टाकला, तर मी तोही हसत उचलला. नितीन मागे सरकून भिंतीला टेकला.

संक्रांतीला ग्लेनची पळणारी मुलगी आमच्याकडे केक घेऊन आली होती. तिला मी हात धरून बसवलं आणि गुळाच्या पोळ्या वाढल्या. एक नाही, तीन. वर तूप. ती नको नको म्हणत होती, मी सोडते कसली. म्हटलं, हिला आधी जरा रुंद होऊ दे, मग बघू कोण हिला सरळसोट म्हणतं. बिचारी जाताना गाडीपर्यंत चालत गेली ती अगदी सावकाश.

आणि टोपी. सकाळी बाबा निघायचे. दारात थांबायचे. मी माझ्या स्क्रीनकडे बघत बसायची. ते खुंटीवरची टोपी हातात घ्यायचे, तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे.

"येतो गं, मंजिरी."

"या हं, बाबा."

ते आणखी थोडा वेळ उभे राहायचे. मला वाटायचं किल्ली शोधतायत. मग टोपी परत खुंटीला अडकवून ते तसेच, उघड्या डोक्यानं, बर्फात निघून जायचे. 'टोपी' अगदी ओठांवर यायची हो. पण मी ओठ घट्ट मिटून बसायची, कारण मी सरळ वागत होते.

मग एके दिवशी मी पोळ्या करत असताना नितीन खाली आला. पाण्याचा ग्लास भरला, प्यायला नाही.

"बाबा म्हणतायत, तिकीट अलीकडचं करता येईल का."

लाटणं थांबलं माझं. "किती अलीकडचं?"

"याच महिन्यातलं. म्हणाले, तुम्ही दोघं कामात असता, मी असून काय उपयोग." तो जरा अडखळला. "तू काही बोललीस का त्यांना?"

"मी? इतक्या दिवसांत मी एक वावगा शब्द बोललेली नाही."

"हो ना," नितीन म्हणाला. "मलाही जरा भीतीच वाटत होती."

मी तव्याकडे तोंड केलं. "जाऊ देत त्यांना. सून वाकडी निघाली, माणूस करणार तरी काय. काढून टाकतील, दुसरी बघतील."

"काय?"

"काही नाही. पोळी करपतेय."

पोळी करपत नव्हती. मी रडत होते. मला राग आला होता, तो खरा. पण रागाच्या खाली जे होतं ते निराळंच होतं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं आपलं समजत होते, ते मला मनापासून कच्ची आणि वाकडी समजतंय, आणि आता उठून चाललंय. मी सरळ वागूनसुद्धा चाललंय. हे मला सोसत नव्हतं.

शनिवारी सकाळी बाबा स्वतःच माझ्या खोलीच्या दारात आले. "मंजिरी, जरा वेळ आहे का? ग्लेनकडे येतेस? तुला एक दाखवायचंय. रागवायचं नाही पण."

ग्लेनकडे. म्हणजे मुली दाखवणार की काय, असं माझ्या डोक्यात आलं. खरंच आलं. आता सांगताना मलाच माझी कीव येते.

मी जॅकेट, बूट, लोकरीची गुलाबी टोपी, सगळं चढवलं. बाबा उघड्या डोक्यानं पुढं चालले होते. थंडी अशी की श्वास घेताना नाकातले केस कडक होत होते. ग्लेनच्या गॅरेजमागे एक शेड आहे, वर छप्पर, बाजूंना भिंती नाहीत. ग्लेन तिथं वाफाळता मग घेऊन उभा होता. त्यानं हात केला. मी केला नाही.

बाबा थांबले, घसा साफ केला. "मी आता जाणार. तेव्हा म्हटलं, मनात ठेवण्यापेक्षा तुला स्पष्टच सांगावं. ते काय आहे, हिचा स्वभाव—"

झालं. स्वभाव म्हटल्यावर माझा बांध फुटला.

"थांबा, बाबा. मीच स्पष्ट सांगते. मी रुंद आहे, मान्य. आमच्या आईनंही मान्य केलंय. वाकडी असेन. एका बाजूनं ओढ घेत असेन, घेणारच, एकुलती एक मुलगी आहे मी तिची. तडकते, तेही खरं. पण या घरात येऊन मला अठरा वर्षं झाली, मला कच्ची म्हणू नका. आणि डोक्यावर दगड ठेवून मी सरळ होणार नाही. ठेवायचे तेवढे ठेवा. आणि ग्लेनच्या दोन्ही असतील चांगल्या वाळलेल्या, पण त्यांना संक्रांतीला गुळाची पोळी लाटता येणार आहे का? तुमच्या खोकल्यात रात्रभर दाराबाहेर त्या बसणार आहेत का?"

बोलताना मी हातवारे करत होते, आणि बाबा मागे मागे सरकत होते. माझं संपलं. कुठल्यातरी फांदीवरून थोडा बर्फ खाली पडला.

बाबा गणिताचे शिक्षक. त्यांचे ओठ हलायला लागले. फळ्यावरचं अवघड उदाहरण सोडवताना मुलांचे हलतात तसे.

"रुंद," ते पुटपुटले. मग, "दगड." मग, "ग्लेनकडे... दोन." आणि एकदम त्यांनी मान वर केली, माझा खांदा धरला आणि मला हळूच उलट्या बाजूला वळवलं.

"मंजिरी," ते म्हणाले. "ती ही."

माझ्या पाठीमागे फळ्यांची थप्पी होती. आमच्या मेपलच्या. नीट रचलेली, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये आडव्या बारीक पट्ट्या, हवा खेळावी म्हणून. फळ्यांच्या टोकांना मेण फासलेलं, कारण तडा आधी तिथूनच जातो. सगळ्यात वर एक फळी. पांढरीशुभ्र, गोरीपान म्हणा. चांगली दीड हात रुंद. एका कोपऱ्यानं किंचित वर उचललेली. आणि तिच्यावर, ओळीनं, सिमेंटचे ठोकळे.

बाजूला ग्लेनच्या जुन्या, वाळलेल्या दोन फळ्या गॅरेजच्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. सरळसोट.

"व्हॉट डिड शी से?" ग्लेननं बाबांना विचारलं.

बाबांनी शाळेतल्या इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "शी थॉट शी इज द प्लँक."

ग्लेननं माझ्याकडे बघितलं. मग फळीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. सभ्य माणूस तो, त्यानं हातातला कॉफीचा मग खाली ठेवला आणि म्हणाला, "वेल, इट्स अ व्हेरी फाइन प्लँक, मॅम."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपल्याकडे म्हणतात. पण ओहायोची धरणी जानेवारीत टणक गोठलेली असते. ती दुभंगत नाही. तुम्हाला उभंच राहावं लागतं.

आणि बाबा हसायला लागले. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग आवाज आला. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. ते हसत हसत एका ओंडक्यावर बसले, डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसायला लागले. मग मलाही हसू यायला लागलं, आणि हसताना रडू. थंडीत ते गालावर लगेच गार पडतं, म्हणून पुसत राहावं लागतं.

"कशाला आहे ही फळी?" मी विचारलं.

"झोपाळ्याला." बाबांनी तळहात फळीवरून फिरवला. "तुझ्या सासूला संध्याकाळी झोपाळ्यावर बसल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटायचा नाही. तू दिवसभर कान झाकून त्या खुर्चीत बसतेस, उठतेस तेव्हा कंबर धरून उठतेस. म्हटलं, तुझ्या खिडकीपाशी एक झोपाळा टांगावा. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही. पण हे वाळवण फार सावकाशीचं आहे बघ. एक इंच वाळायला एक वर्ष. ही दोन इंच जाड आहे. कुरडई उन्हात टाकली की झालं, हिला उलट ऊब चालत नाही. घाई केली की तडकलीच. म्हणून तुला आणलं. मी नसताना हिच्याकडे बघशील ना?"

"पण तुम्ही का नसाल? का चाललाय?"

बाबा एक ठोकळा उगाचच सरळ करायला लागले.

"तू टोपी म्हणायची बंद झालीस," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही.

"तुझी सासू आयुष्यभर म्हणाली. टोपी घाला, छत्री घ्या, लोणचं कमी खा. ती गेली तेव्हा वाटलं, संपलं, आता कुणी म्हणणार नाही. मग तू त्या मीटिंगमधून ओरडायला लागलीस. बरं वाटायचं. मी मुद्दाम टोपी न घालता दारापर्यंत जायचो. आणि मग तूही थांबलीस. लोणचं घेतलं तरी हसतेस. म्हटलं, ओरडायचंसुद्धा बंद झालं म्हणजे पोरगी आता कंटाळली. पाहुण्यानं वेळेवर निघावं."

मी माझ्या डोक्यावरची गुलाबी टोपी काढली, गोंडा असलेली, आणि बाबांच्या डोक्यावर चढवली. दोन्ही हातांनी खाली ओढून कान झाकले. ग्लेन कौतुकानं बघत होता.

"बाबा, तुम्ही कुठंही जाणार नाही आहात. मला तुम्ही हवे आहात. झोपाळ्यासाठी नाही. नुसतेच."

बाबांनी गोंड्यासकट मान हलवली.

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जिन्यात. मुद्दाम नाही हो, कपडे रोजच असतात. अण्णांचा फोन आलेला, आज स्पीकरवर, त्यामुळे दोन्हीकडचं सगळ्या घराला ऐकू येत होतं.

"तिकीट रद्द केलं रे अण्णा," बाबा सांगत होते. "साहेबांनी रजा नामंजूर केली."

मी विचार करायला लागले, हे साहेब कोण? बाबांना निवृत्त होऊन तर किती वर्षं झाली.

"साहेब म्हणजे हेडफोनवाले ना?" अण्णांनी विचारलं. "टोपीवाले?"

"तेच. तेव्हापासून मी आणि ग्लेन दोघंही हुकमाची वाट बघत बसलोय."

म्हणजे इतके महिने फोनवर माझ्याबद्दल बोलणं होत होतं, ते सगळं आदरार्थी. आणि मी आपली एकेरी 'ती' उचलून अंगाला लावून घेतली.

"साहेब तडकले का रे फार?" अण्णा विचारत होते.

"तडकले म्हणजे? काल भर थंडीत उभं राहून कडाकडा भांडले."

"तुझ्याशी?"

"माझ्याशी कुठले. फळीशी."

मग अण्णा म्हणाले, "बरं, मग?"

"मग काय," बाबा म्हणाले, "फळी जिंकली."